कोवळ्या वयातली सिगारेट आणि स्तनाचा कर्करोग : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात स्तनाच्या कर्करोगाची कारणे सांगताना 'कोवळ्या वयात सुरू झालेले धूम्रपान' असा एक उल्लेख ओझरता आला होता. त्या एका उल्लेखावर इतकी पत्रे आली, की या वेळी सदराची सगळी जागा त्याच विषयाला देणे आवश्यक वाटले. पत्रलेखिकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ३४ आहे. अकरावीसाठी पुण्याला आले तेव्हा सोळाव्या वर्षी मैत्रिणींसोबत सिगारेट सुरू झाली. नोकरी लागल्यावर दिवसाला सहा-सात होऊ लागल्या. २८ व्या वर्षी पूर्ण सोडली. अद्याप मूल नाही. माझ्या मावशीला स्तनाचा कर्करोग झाला होता. लेख वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. सोडून इतकी वर्षे झाल्यावरही धोका राहतो का?

उत्तर : राहतो, परंतु तो किती आहे हे समजून घेतलेत तर मनावरचा भार बराच हलका होईल, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

स्तन हा जन्मतः पूर्ण घडलेला अवयव नव्हे. पाळी सुरू होण्याच्या सुमारास दुग्धनलिकांना फाटे फुटू लागतात, त्यांच्या टोकांशी नव्या पेशी वेगाने तयार होतात, आणि या पेशी पूर्णपणे परिपक्व होतात त्या पहिल्या पूर्ण दिवसांच्या गरोदरपणात. म्हणजे पहिली पाळी आणि पहिले बाळंतपण यांच्या मधल्या काळात स्तनात सतत विभाजन पावणाऱ्या, अजून कच्च्या असलेल्या पेशींचे प्रमाण मोठे असते. विभाजन होत असताना पेशीतील जनुकांना इजा झाली आणि ती दुरुस्त होण्याआधीच पेशी पुन्हा विभागली, तर तो दोष पुढच्या पेशींमध्ये कायमचा उतरतो. हिरोशिमा आणि नागासाकी येथील अणुबॉम्बच्या किरणोत्सर्गातून वाचलेल्या स्त्रियांमध्ये पुढे स्तनाच्या कर्करोगाचा धोका सर्वाधिक वाढलेला आढळला तो स्फोटाच्या वेळी विशीच्या आत असलेल्या मुलींमध्ये. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये तो त्या मानाने बराच कमी होता. कोवळ्या वयातला स्तन अपायाला अधिक बळी पडतो, याचा इतका स्पष्ट आणि इतका दुःखद पुरावा दुसरा नाही.

तंबाखूच्या धुरातली बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्ये फुप्फुसातून रक्तात येतात आणि ती चरबीत सहज विरघळतात. स्तनात चरबी भरपूर असते. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांच्या स्तनाग्रातून काढलेल्या द्रवात निकोटिन आढळल्याचे १९७० च्या दशकातच सिद्ध झाले होते. त्यामुळे 'धूर जातो फुप्फुसात, स्तनाचा काय संबंध?' हा नेहमीचा प्रश्न तेव्हाच निकालात निघायला हवा होता.

आता आकड्यांकडे वळू. अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झालेल्या परिचारिकांच्या प्रदीर्घ अभ्यासात १,११,१४० स्त्रियांची धूम्रपानाची माहिती २००६ पर्यंत नोंदवली गेली. त्यांपैकी ८,७७२ जणींना स्तनाचा कर्करोग झाला. आयुष्यात कधी ना कधी धूम्रपान केलेल्या सर्व स्त्रिया एकत्र धरल्या तर धोक्यातली वाढ जेमतेम ६ टक्के दिसली. मात्र पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या बाळंतपणापर्यंत ओढलेल्या सिगारेटींचा हिशेब वेगळा काढला, तेव्हा संबंध अधिक ठळक झाला. लंडनच्या कर्करोग संशोधन संस्थेशी संबंधित 'जनरेशन्स' अभ्यासात एक लाखाहून अधिक स्त्रिया होत्या. त्यात सतराव्या वर्षाच्या आत सुरुवात करणाऱ्यांमध्ये हा धोका कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा सुमारे २४ टक्क्यांनी अधिक आढळला, आणि सोडल्यानंतर वीस वर्षांपर्यंत तो पूर्ण ओसरलेला नव्हता. आपली सुरुवात सोळाव्या वर्षीची असल्याने हा आकडा आपल्याला लागू पडणारा आहे.

परंतु २४ टक्के म्हणजे शंभरातल्या चोवीस जणींना कर्करोग होतो, असे मुळीच नाही. भारतात ७४ वर्षे वयापर्यंत साधारण २९ स्त्रियांमागे एकीला हा आजार होतो, म्हणजे शंभरात सुमारे साडेतीन. ब्रिटनमधली वाढ आपल्याकडे तशीच्या तशी लागू केली, तर साडेतीनाचे सव्वाचार होतील. शंभरातल्या पंचाण्णवाहून अधिक जणींना तो होणार नाही. ही वाढ मी क्षुल्लक मानत नाही, कारण देशभराचा विचार केला तर ती हजारो स्त्रियांची गोष्ट होते. पण एकट्या आपल्यासाठी ती झोप उडवण्याइतकी नाही.

मूल न होणे किंवा पहिले मूल तिशीनंतर होणे हाही थोडा धोका वाढवणारा घटक आहे, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. मात्र केवळ त्यासाठी घाईने निर्णय घ्यावा, असे कोणीही आपल्याला सुचवू नये. मावशीच्या आजाराची नीट चौकशी करा. तो पन्नाशीच्या आत झाला होता का, आईकडच्या आणखी कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग होता का, हे कळले तर जनुकीय तपासणीची गरज आहे की नाही ते डॉक्टर ठरवू शकतील. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार तिशीपासून प्रशिक्षित हातांनी स्तनांची तपासणी करून घेणे अपेक्षित आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात दर दोन वर्षांनी आरोग्यसेविकांनी केवळ हाताने तपासणी केली, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधले स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू त्यामुळे जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, केव्हापासून करायची, हे मावशीची माहिती घेऊन डॉक्टरांशी ठरवा.

आणि सिगारेट सोडलीत, हे फार चांगले केलेत. स्तनाचा धोका सावकाश उतरत असला, तरी हृदयविकाराचा धोका पहिल्या काही वर्षांतच झपाट्याने उतरतो.

प्रश्न : मी जीवशास्त्राची शिक्षिका आहे. सिगारेटमुळे शरीरातील इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा प्रभाव कमी होतो आणि रजोनिवृत्ती लवकर येते, असे शिकले. मग इस्ट्रोजेनवर पोसला जाणारा स्तनाचा कर्करोग कमी व्हायला हवा. शिवाय ज्या स्त्रिया सिगारेट ओढतात त्या पुष्कळदा मद्यही घेतात. दोष मद्याचा नसेल कशावरून?

उत्तर : आपल्या दोन्ही शंका शास्त्रज्ञांनाही अनेक वर्षे छळत होत्या.

२००२ मध्ये ५३ अभ्यासांची माहिती एकत्र करून एक मोठे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात दररोज १० ग्रॅम मद्यार्कामागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो असे दिसले. पण मद्य न घेणाऱ्या स्त्रियांपुरते पाहिले, तर धूम्रपानाचा परिणाम जवळजवळ दिसेनासा झाला. त्यानंतर बराच काळ 'सिगारेटचा स्तनाशी संबंध नाही' असेच मत रूढ होते. त्या विश्लेषणाची मर्यादा अशी, की सिगारेट ओढणाऱ्या सगळ्या स्त्रिया एकाच गटात मोजल्या गेल्या. पंधराव्या वर्षी सुरुवात केलेली मुलगी आणि दोन मुले झाल्यावर पस्तिशीत सुरुवात केलेली बाई यांची सरासरी काढली, की पहिलीचा धोका दुसरीत बुडून जातो. इस्ट्रोजेनविषयी आपण म्हणता तो परिणाम खरा आहे, आणि परिचारिकांच्या अभ्यासात रजोनिवृत्तीनंतरच्या धूम्रपानाचा आकडा किंचित खालीही गेलेला होता. दोन विरुद्ध दिशांचे परिणाम एकत्र मोजले, तर बेरीज शून्याजवळ येणारच.

पुढे २०१७ मध्ये १४ अभ्यासांतील नऊ लाखांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करण्यात आली, आणि या वेळी धूम्रपान पहिल्या बाळंतपणाच्या किती वर्षे आधी सुरू झाले हे पाहिले गेले. दहा वर्षांहून अधिक काळ आधी सुरू झालेले असेल, तर मद्याच्या प्रत्येक गटात धोका वाढलेला होता. मद्याला कधीही न शिवणाऱ्या स्त्रियांमध्येही तो सुमारे १५ टक्क्यांनी अधिक होता. माझ्या मते मद्याविषयीच्या शंकेचे उत्तर यात मिळते. तरीही अधिकृत संस्थांची भाषा एकसारखी नाही, हेही नमूद करतो. कॅनडातील तज्ज्ञ समितीने २००९ मध्ये धूम्रपान आणि स्तनाचा कर्करोग यांत कार्यकारणसंबंध असल्याचे मान्य केले; अमेरिकेच्या सर्जन जनरल या सरकारी आरोग्यप्रमुखांच्या २०१४ च्या अहवालाने मात्र पुरावा 'सूचक, पण पुरेसा नाही' असे म्हटले. विद्यार्थिनींना सांगताना आपण ही दोन्ही मते सांगावीत. फुप्फुसाच्या कर्करोगाइतका हा संबंध बळकट नाही, पण सोळा वर्षांच्या मुलीला सावध करण्यापुरता तो नक्कीच बळकट आहे.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील. वय ५२. आमच्याकडे सिगारेट कोणी बाई ओढत नाही, पण मी दहा-बारा वर्षांची असल्यापासून मिसरी लावते. घरात मालकांची विडी असते. मला हा आजार होईल का?

उत्तर : ताई, आपले पत्र या महिन्यातले सर्वांत महत्त्वाचे आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात धूम्रपान करणाऱ्या प्रौढ स्त्रिया २ टक्के आहेत, तर मिसरी, गुटखा, पानातला तंबाखू असा धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या १२.८ टक्के. परदेशातले आकडे सांगताना आम्ही डॉक्टर मंडळी हे विसरतो.

मिसरीमुळे स्तनाचा कर्करोग होतो, असे म्हणण्याजोगा पक्का पुरावा नाही. परंतु मिसरी कशी तयार होते ते आठवून पाहा. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, घरभर ठसका लागेल असा धूर करायचा, मग तो कुटून डबीत भरायचा आणि बोटाने हिरड्यांवर घासून तसाच तोंडात धरून ठेवायचा. सिगारेटच्या धुरात असतात त्यांतली काही घातक द्रव्ये या भाजण्यातच तयार होतात. तोंडाच्या कर्करोगाशी धूरविरहित तंबाखूचा संबंध निर्विवाद आहे. मुंबईत गरोदर स्त्रियांच्या एका अभ्यासात असा तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी शंभर ग्रॅमहून अधिक कमी भरले. घरात सुना-मुली असतील तर हे त्यांना जरूर सांगा, आणि दात दुखतात म्हणून लहान मुलींच्या बोटाला मिसरी लावण्याची रीत आपल्या घरात तरी बंद करा.

विडीचा धूर आपल्यालाही बाधतो. मालकांनी ती घरात ओढू नये. आपले वय पाहता तोंडाची आणि स्तनांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या. या तपासण्या तेथे मोफत असतात. तोंडात न भरणारा चट्टा, पांढरा डाग, तोंड उघडायला त्रास, स्तनात किंवा काखेत न दुखणारी गाठ, स्तनाग्र आत ओढले जाणे किंवा त्यातून रक्त येणे, यांपैकी काहीही दिसले तर दुखत नाही म्हणून थांबू नका. हा आजार सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

प्रश्न : माझ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या दप्तरात ई-सिगारेट सापडली. 'यात तंबाखू नाही' असे ती म्हणते. तिला हे आकडे दाखवून घाबरवावे का?

उत्तर : घाबरवू नका. चाळीस वर्षांनंतरच्या आजाराची भीती सतरा वर्षांच्या मनाला शिवत नाही, आणि उघडकीस आलेली गोष्ट पुन्हा लपवली जाते. ई-सिगारेटचा स्तनावर दीर्घकाळात काय परिणाम होतो हे सांगण्याइतकी वर्षे अजून गेलेली नाहीत. पण बहुतेकांत निकोटिन असते, आणि त्याची सवय किशोरवयात सर्वांत लवकर जडते. भारतात २०१९ पासून तिच्या विक्रीवर बंदी आहे, म्हणजे त्या नळीत काय भरले आहे याची हमी देणारे कोणीही नाही. ती कोठून मिळाली, कोणासोबत ओढली, कशासाठी ओढावीशी वाटली, हे तिला न रागावता विचारा. शरीर अजून घडते आहे, एवढे कारण तिला समजेल.

प्रश्न : स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आहे, आता किरणोपचार सुरू होणार आहेत. मी अजूनही चोरून दोन-तीन सिगारेटी ओढते. व्हायचे ते होऊन गेले, आता सोडून काय उपयोग?

उत्तर : उपयोग सर्वाधिक आता आहे. किरणोपचारात फुप्फुसाच्या काही भागावर किरण पडतात. २०१७ मध्ये अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून असा अंदाज निघाला, की आधुनिक किरणोपचारांमुळे पुढे फुप्फुसाचा कर्करोग उद्भवण्याची शक्यता धूम्रपान न करणाऱ्या स्त्रीत सुमारे ०.३ टक्के, तर वर्षानुवर्षे ओढणाऱ्या आणि पुढेही चालू ठेवणाऱ्या स्त्रीत सुमारे ४ टक्के असते. कृपया याचा अर्थ किरणोपचार टाळावेत असा घेऊ नका. ते घ्यायचेच आहेत. सोडायची ती सिगारेट, आणि शक्यतो पहिल्या किरणोपचाराच्या आधी.

ही गोष्ट आपल्या डॉक्टरांपासून लपवू नका. त्यांना ठाऊक असेल तर निकोटिनच्या गोळ्या, पट्ट्या किंवा अन्य औषधे उपचारांशी जुळवून देता येतात. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे. फोन आज केलात, तर किरणोपचार सुरू होईपर्यंतचे दिवस हाताशी मिळतील.