लहानपणी हृदयाचं छिद्र बंद केलेल्या बहिणीला तिसरा महिना लागलाय. बाळंतपण जतमध्येच करावं की मिरज-पुण्याला न्यावं?

जतमध्ये नको. पण मिरज की पुणे, हे अंतरावरून नाही, टू-डी इकोवरून (म्हणजे तिच्या हृदयाच्या सोनोग्राफीवरून) ठरतं. तो याच आठवड्यात करून घ्या आणि जुन्या ऑपरेशनचे कागद सोबत न्या. "तिला दम लागत नाही" एवढ्यावर थांबू नका. गरोदरपणात शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि २८ ते ३२ आठवड्यांच्या सुमारास हृदयावर मोठा ताण येतो. तोवर काहीच न जाणवलेल्या बाईलाही तेव्हा त्रास सुरू होऊ शकतो.

छिद्र नीट बंद असेल आणि फुप्फुसातला रक्तदाब वाढलेला नसेल, तर हृदयरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग एकत्र असलेल्या सांगली-मिरजेतल्या रुग्णालयात बाळंतपण सहसा सुखरूप होतं. तो दाब खूप वाढलेला असेल तर मात्र आईच्या जिवाला मोठा धोका असतो. मग पुण्या-मुंबईच्या मोठ्या केंद्रात लगेच दाखवा. गर्भ ठेवायचा की नाही, हेही डॉक्टर विचारतील. तिथे कृपा करून सासर-माहेरने नाही, तिने ठरवावं.

बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी १८ ते २२ आठवड्यांत होते, तीही करा.

सातव्या महिन्यात माहेरी गावात आणण्यापेक्षा रुग्णालयाजवळ कुणा नातेवाइकाकडे ठेवा. बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवसही जोखमीचे असतात, घरी न्यायची घाई नको. पाय सुजले, रात्री आडवं झाल्यावर धाप लागली, तर थेट १०८.