लिपस्टिक लावलेली प्रभूला चालते का?

"मॅडम, मुलगी जगिक झालीय." माझ्याकडे येणारे कितीतरी फोन याच वाक्याने सुरू होतात. बोलणारी बहुतेक वेळा आई असते. जगिक म्हणजे जगाच्या नादी लागलेली, हे ख्रिस्ती वाचकांना सांगायला नको, इतरांसाठी सांगून ठेवते. मुली आल्या की तीच काळजी दुसऱ्या टोकाने मांडतात. लिपस्टिक लावलेली प्रभूला चालते का? कान टोचले तर पाप होईल का? जीन्स घालून उपासनेला गेले आणि कुणाला अडखळण झालं, म्हणजे माझ्यामुळे कुणाचा पाय विश्वासातून घसरला, तर दोष माझा का?

मी पुण्यात समुपदेशन करते. मराठी ख्रिस्ती घरातलीच असल्यामुळे 'आपल्यातल्याच बाई आहेत' म्हणून बऱ्याच मंडळ्यांचे (म्हणजे चर्चचे) पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, माझा नंबर देतात. बाहेरच्यांना वाटतं, ख्रिस्ती म्हटलं की सगळे एका साच्यातले. तसं नाही. वसईकडच्या कॅथलिक बायका सणासुदीला ठसठशीत सोनं घालून चर्चला जातात. नगरकडच्या जुन्या मिशनच्या मंडळ्यांत मंगळसूत्रात क्रूस ओवलेला दिसतो. आणि काही पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्यांत बाप्तिस्म्याच्या वेळी कानातलंसुद्धा उतरवून ठेवतात. आज जिच्याबद्दल लिहितेय ती या तिसऱ्या प्रकारच्या घरातली. तिला रूथ म्हणू या. खरं नाव वेगळं आहे, गाव आणि नोकरीचे तपशीलही थोडे बदलले आहेत. (रूथ हे नाव निवडायला कारण आहे. पवित्र शास्त्रातल्या रूथला तिची सासू सांगते, आंघोळ कर, सुगंधी तेल लाव, चांगले कपडे घाल आणि मग खळ्यावर जा. या भागावरचे संदेश, म्हणजे प्रवचनं, मी पुष्कळ ऐकलेत, पण त्या तेलावर पाळक कधी थांबलेले पाहिले नाहीत.)

रूथ चोवीस वर्षांची, हिंजवडीतल्या एका कंपनीत कामाला. पहिल्या वेळी आई तिला घेऊन आली. आईची तक्रार मात्र लिपस्टिकची नव्हती. त्या म्हणाल्या, "ही प्रभुभोजन घेत नाही. भाकरीची थाळी आली की पुढे सरकवते. सगळी रांग बघते." (प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीसाठी मंडळीने मिळून भाकरी आणि द्राक्षारस घेण्याचा विधी.)

रूथ खाली मान घालून बसली होती. आईला बाहेर बसवल्यावर बोलायला लागली. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसली की ती लिपस्टिक लावायची, दाबाची कानातली घालायची. कान टोचलेले नाहीत, म्हणून दाबाची. संध्याकाळी उतरायच्या दोन स्टॉप आधी ओठ पुसायची, कानातली पर्समध्ये टाकायची. घरी जाताना पाळ्या लाल झालेल्या असायच्या, म्हणून केस मोकळे सोडायची. मोकळे केस घरात चालायचे नाहीत, म्हणून दारात आल्यावर पुन्हा बांधायची.

"मी दुटप्पी आहे मॅडम. अयोग्य रीतीने प्रभुभोजन घेणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो, असं वचन आहे. मी लायक नाही."

हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. का, ते पुढे येईल.

पुढचा काही काळ आम्ही शास्त्रभागांवरच घालवला, कारण तिला तेच हवं होतं. तिला दोन वचनं पाठ होती. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं एक, पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं दुसरं. दोन्हींत स्त्रियांच्या शृंगाराबद्दल लिहिलंय. मी म्हटलं, मोठ्याने वाच, मनाने म्हणू नकोस. तिने वाचलं. केस गुंफणं, सोनं, मोती, मोलवान वस्त्रं. त्या दिवशी आई सोबत आत होत्या. त्यांच्या पाठीवर घट्ट पेडाची वेणी होती आणि अंगावर नेसली होती चांगली सिल्कची साडी. रूथने आईकडे पाहिलं, आईने स्वतःच्या वेणीकडे, आणि दोघी पहिल्यांदाच एकत्र हसल्या.

मग मी उत्पत्तीचा चोविसावा अध्याय काढायला लावला. अब्राहामाचा सेवक रिबकेला विहिरीपाशी सोन्याची नथ आणि दहा शेकेल वजनाच्या सोन्याच्या बांगड्या देतो, आणि लगेच वाकून परमेश्वराला नमन करतो. कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. आईंनी तेवढ्यात यशयाचा तिसरा अध्याय पुढे केला. सियोनेच्या कन्यांच्या दागिन्यांची लांबलचक यादी आणि ते सगळं काढून घेतलं जाईल असा इशारा. बाईंचं पाठांतर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

तिथेच मी थांबले. मी पाळक नाही. वचनावर वचन ठेवून मी जिंकलेही असते कदाचित, पण त्याने मुलीला दोन दिवस हलकं वाटतं आणि रविवारी थाळी समोर आली की हात पुन्हा थरथरतो. घाबरलेल्या माणसाला परवानगी मिळाली म्हणून त्याची भीती जात नाही. तो फक्त परवानगी देणाऱ्याला पुन्हा पुन्हा विचारत राहतो.

आईंशी एकदा वेगळं बोलले. त्यांच्या कानांची भोकं बुजत आली होती. मी विचारलं, काढताना वाईट नाही वाटलं? त्या म्हणाल्या, "वाईट? माझ्या लग्नात सोन्यावरून दोन दिवस वरात अडली होती. मंडळीत आले तेव्हा कुणी माझ्या गळ्याकडे बघितलं नाही. शिक्षकाची बायको आणि ऊसतोडीची बायको एका रांगेत, दोघींचे गळे मोकळे. मला तर मोकळंच वाटलं."

हे ऐकल्याशिवाय या मंडळ्यांच्या नियमांची टर उडवू नये, असं माझं मत आहे. शहरातल्या समुपदेशकांची खोड असते, धर्माचा नियम दिसला की त्यात दडपण शोधायची. याकोबाच्या पत्रात, सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी बसवणाऱ्या मंडळीला चांगलंच फटकारलंय. त्या नियमाचं मूळ या बाईंनी अंगावर अनुभवलं होतं. अडचण एवढीच होती की जे त्यांना सुटका म्हणून मिळालं, ते मुलीला पहारा म्हणून पोचलं.

आता वहीतलं ते वाक्य पुन्हा काढावं लागलं त्या दिवसाबद्दल. मी रूथला म्हटलं, बसमध्ये काढतेस ती पर्समधली छोटी पिशवी टेबलावर रिकामी कर. सगळं पाप एकदा बघू तरी. तिने चेन उघडली. लिपस्टिक, दाबाची कानातली एका कागदात गुंडाळलेली, ओले टिश्यू. आणि तळाशी पिळून पिळून चपटी झालेली एक ट्यूब.

"हे काय?"

"ते क्रीम आहे, मॅडम. त्यात काय पाप?"

"कधीपासून लावतेस?"

"दहावीपासून. आधी साधं गोरं व्हायचं क्रीम होतं. हे मेडिकलवाल्याने दिलं, लवकर फरक पडतो म्हणून. आईच आणते."

कानात दाबाचं कानातलं घालू न देणारी आई दर महिन्याला हे न चुकता आणत होती. घरात, मंडळीत, प्रार्थनेत, कुणीही त्याला जगिक म्हटलं नव्हतं. उलट मंडळीत स्थळांची जी यादी फिरते, तिच्यात 'विश्वासणारी, प्रार्थनाशील, गोरी' हे शब्द शेजारी शेजारी बसलेले असतात. २०२० साली 'फेअर अँड लव्हली'ने स्वतःच्या नावातलं 'फेअर' काढून टाकलं. आमच्या बायोडेटांतून ते अजून निघायचंय.

मी विचारलं, "क्रीम नाही लावलं तर?"

"काळी दिसेन."

"दिसलीस. मग?"

"मग… कुणी पसंत नाही करणार."

"नाही केलं. मग?"

तिने बराच वेळ ट्यूबचं झाकण फिरवलं. "मग मी कशाच्याच लायक नाही."

मी वही उघडून पहिल्या दिवसाचं पान तिच्यासमोर ठेवलं. तिच्याच तोंडचं वाक्य, प्रभुभोजनाबद्दल बोललेलं. मी लायक नाही. तिने ते दोनदा वाचलं. मग मोबाईल काढला आणि स्वतःहून एक फोटो दाखवला. तिच्या बाप्तिस्म्याचा. पांढरा झगा, कमरेपर्यंत पाणी, केसांतून निथळणारं पाणी. आणि चेहरा मान आणि हातांपेक्षा कितीतरी उजळ. "याला पण फिल्टर लावला होता," ती म्हणाली. "बाप्तिस्म्याच्या फोटोला, मॅडम." आणि रडायला लागली.

इतकी वर्षं हे काम करताना माझी एक खात्री झालीय. माणूस जे पाप कबूल करायला येतो ते बहुतेक वेळा सोपं असतं. ओठ पुसता येतात, कानातलं काढता येतं, नियम मोडला की पाळता येतो. लिपस्टिकच्या खूप आधीपासून या मुलीच्या मनात एक निकाल लागलेला होता, आणि तो पवित्र शास्त्रातून आलेला नव्हता. क्रीमची जाहिरात तिला सांगत होती, तू आहेस तशी चालणार नाहीस. घरातली धाकाची भाषाही तिला तेच सांगत होती. ती दोन्हीकडे इमानेइतबारे हजेरी लावत होती, आणि दोन्हीकडे नापास होत होती. विश्वास आणि फॅशन यांचा तोल कसा सांभाळायचा, असं मुली विचारतात. रूथच्या बाबतीत भांडण त्या दोघांत नव्हतंच मुळी.

मी ज्या पठडीत शिकले, त्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस. ते स्वतःला नास्तिक म्हणवत. त्यांचं सांगणं असं की कृतीला चांगलं-वाईट म्हणा, पण त्यावरून अख्ख्या माणसाला भाव लावू नका. माणसाचं मोल ठरवायचा धंदाच बंद करा. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला संडे स्कूल आठवलं होतं. आपल्याकडे याला कृपा म्हणतात. एलिस यांना हे शेजारपण आवडलं नसतं बहुधा, पण विश्वासणाऱ्या माणसाशी त्याच्याच भाषेत बोललं की गाडी लवकर पुढे जाते, हा माझा अनुभव आहे आणि मला त्याचा थोडा अभिमानही आहे.

तिला मी घरी वाचायला गीतरत्नाचा पहिला अध्याय दिला. त्यातली नायिका सांगते, मी काळी आहे आणि सुंदर आहे, उन्हाने मी काळी झालेय, माझ्याकडे अशा नजरेने बघू नका. रूथने जन्मापासून मंडळीत काढलेल्या वर्षांत यावर एकही संदेश ऐकला नव्हता. पुढच्या भेटीत तिने विचारलं, "हे आईला दाखवू?" मी म्हटलं, अवश्य. पुढे काय झालं ते मला आईंकडूनच कळलं. त्या म्हणाल्या, "मी पण काळीच. माझ्या सासूने तोंडावर म्हटलं होतं. म्हणून आणत होते ती ट्यूब. हिला ते ऐकायला लागू नये म्हणून."

तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि हे मी सगळ्यांनाच बजावून सांगते. मेडिकलवाल्याने हातावर ठेवलेल्या अशा ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. वांगाच्या डागांसाठी डॉक्टर ते मोजके दिवस देतात. वर्षानुवर्षं लावलं तर कातडी पातळ होते, लाली येते, पुटकुळ्या येतात, चेहऱ्यावर लव वाढते. आणि एकदम बंद केलं तर चेहरा भडकतो, म्हणून मग पुन्हा लावलं जातं. रूथचंही तसंच झालं होतं. सुटायला कित्येक महिने गेले. मधल्या काळात डॉक्टरांनी मेकअप बंद ठेवायला सांगितला होता, तेव्हा ती लाल, खडबडीत चेहऱ्याने, ओठांना काही न लावता कामाला जात होती. म्हणाली, "मंडळीला हवी होते तशी झाले बघा, आणि सगळे विचारतात काय झालं म्हणून."

आईवडिलांनी एक गोष्ट करावी असं मला फार वाटतं. तुम्हाला जे आवडत नाही ते 'मला आवडत नाही' असं सांगा. 'आपल्या घरात हे चालत नाही' असंही सांगा, तो तुमचा हक्क आहे, मुली त्यावर भांडतील आणि तेही चालतं. पण स्वतःची नावड प्रभूच्या तोंडी घालू नका. तसं केलंत की मुलगी तुमच्यापासून लपवताना प्रभूपासूनही लपवायला शिकते, आणि थाळी पुढे सरकवते. तिच्या मेकअपच्या वस्तू कचऱ्यात फेकून काही साधत नाही. तो खर्च ती दुसऱ्यांदा करते, एवढंच.

आणि मुलींनो, ऑफिसात एक वेश आणि उपासनेत दुसरा, एवढ्याने कुणी ढोंगी होत नाही. नर्सही ड्यूटीचा गणवेश घालून लग्नाला जात नाही. बघायचं ते हे की धाकाने लपवावं लागतंय का, आणि मेकअप केल्यावाचून आरशापुढे उभंच राहवत नाही का. दुसऱ्या प्रश्नाला 'हो' उत्तर आलं तर तो प्रश्न लिपस्टिकचा राहत नाही, तेव्हा कुणाशी तरी बोला.

रूथने शेवटी काय केलं, हे विचारणारच तुम्ही. उपासनेला ती कानांत काही न घालता जाते. प्रेषित पौलाने मूर्तींना वाहिलेल्या मांसाबद्दल लिहिलं तसं, कुणाला त्रास होत असेल तर एवढं सोडायला काय हरकत आहे, असं तिचं स्वतःचं म्हणणं. ऑफिसात छोटे टॉप्स घालते, आणि ते घालूनच घरी येते. वडील त्यावरून अजून तिच्याशी धड बोलत नाहीत. ते माझ्याकडे यायला तयार नाहीत, आणि ती गाठ सुटेल की नाही मला सांगता येत नाही. प्रभुभोजन मात्र घेते.

मध्यंतरी एका मंडळीच्या तरुण संघाने मला 'सभ्य पोशाख' या विषयावर बोलायला बोलावलं. मी दोन अटी घातल्या. एक, मुलगेही बसले पाहिजेत. केसांना रंग आणि दंडावर क्रूस गोंदवून येणाऱ्यांच्या आयांचे फोन मला कधी येत नाहीत, तेव्हा त्यांची भेट तरी होईल. दुसरी, मंडळीच्या स्थळांच्या यादीतला 'वर्ण' हा रकाना आधी काढावा. पहिली अट त्यांनी त्याच दिवशी मान्य केली. दुसरीवर कमिटी विचार करतेय.