हसून झाल्यावर काय उरतं?

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

जुने बी-चित्रपट, म्हणजे कमी खर्चात उरकलेले अमेरिकी चित्रपट, बघायला लागलास हे वाचून मनापासून आनंद झाला. चौघांनी मिळून रात्री लावायचे आणि रबरी राक्षस दिसला की खिदळायचं, असं सध्या चाललंय म्हणतोस. त्यात वावगं काही नाही, बहुतेकांची सुरुवात अशीच होते. पण हसून झाल्यावर यात आणखी काही उरतं का, असंही तू विचारलंयस. उरतं, आणि माझ्या लेखी खरा ऐवज तोच आहे. तो दिसायला एक सवय लावून घ्यावी लागते. हे चित्रपट करणाऱ्यांकडे काय नव्हतं ते आधी ओळखायचं आणि मग ते नसताना त्यांनी काय केलं ते शोधायचं.

त्यासाठी थोडा हिशेब माहीत हवा. १९३०च्या दशकात अमेरिकेत मंदी होती. प्रेक्षक टिकवण्यासाठी थिएटरं एका तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागली. पहिला बड्या नटांचा, त्याच्या गल्ल्यात स्टुडिओचा टक्का असे. जोडीचा दुसरा, म्हणजेच बी-चित्रपट, ठरावीक भाड्याने मिळे. तो कितीही आवडला तरी भाडं तेवढंच, त्यामुळे खर्चालाही आधीच वेसण. थोडे दिवस, दुसऱ्या कुणासाठी उभारलेले सेट, तासा-सव्वा तासाची लांबी. मोनोग्राम, रिपब्लिक, पीआरसी या छोट्या चित्रपट कंपन्या यावरच जगल्या. पण याच हिशेबाची दुसरी बाजू मला जास्त मोलाची वाटते. फार पैसा अडकलेला नसल्याने वरचे साहेब सेटवर फारसे फिरकत नसत. दिग्दर्शकाला पैसा मिळत नसे, पण मोकळीक मिळे.

आता एक प्रसंग जवळून बघ. १९४२, आरकेओ स्टुडिओ. निर्माता व्हॅल ल्यूटन याला अटी घातल्या होत्या. खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी ७५ मिनिटांच्या आत आणि चित्रपटाचं नाव स्टुडिओ ठरवणार. त्याच्या हातात नुसतं नाव ठेवलं, 'कॅट पीपल'. त्याने आणि दिग्दर्शक जाक तुर्नर याने ठरवलं की मांजरमाणूस शक्यतो दाखवायचाच नाही. त्यात एक बाई रात्री उद्यानाच्या दगडी भिंतीकडेने एकटी चालली आहे. रस्त्यावर दिव्यांची उजेडाची वर्तुळं आणि मधे काळोख. तिच्या टाचांचा आवाज येतो, मागून दुसऱ्या टाचांचा. मग मागचा आवाज थांबतो. संगीत अजिबात नाही. ती वळून बघते, मागे कुणी नाही. ती चालण्याचा वेग वाढवते, आणि अचानक गुरगुरल्यासारखा फिसकारा कानावर आदळतो. ती असते बस, ब्रेक लावून समोर थांबलेली.

हा प्रसंग तीन-चार वेळा लावून बघ. पहिल्यांदा दचकशील. दुसऱ्यांदा लक्षात येईल की सेट म्हणजे एक भिंत, थोडी झाडी आणि दिवे, एवढाच आहे. तिसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून बघ, म्हणजे भीती बहुतांशी कानांतून आत येत होती हे कळेल. संकलक मार्क रॉबसनने बसचा तो आवाज असा काही बसवला की भयपट बनवणारे या युक्तीला आजही 'ल्यूटन बस' म्हणतात. मांजरमाणसाचा चांगला मुखवटा करायला पैसे असते, तर कदाचित हे सुचलंच नसतं.

दिग्दर्शक एडगर उल्मरचा 'डीटूर' (१९४५, पीआरसी) याच्याही पुढे जातो. त्याला न्यूयॉर्कचा रस्ता हवा होता आणि रस्ता नव्हता. मग त्याने धुकं सोडलं. दोघं प्रेमिक धुक्यातून चालत राहतात, मधूनच दिवा किंवा रस्त्याची पाटी दिसते. गंमत अशी की ते धुकं कथेलाही शोभतं, कारण त्या दोघांना पुढचं काहीच दिसत नसतं. त्यातच काही शॉट्समध्ये गाड्यांचं स्टिअरिंग चुकीच्या बाजूला दिसेल. निगेटिव्ह उलटं करून छापल्याचा तो परिणाम. नायक पूर्वेकडून पश्चिमेला चालला आहे आणि पडद्यावर तो सतत उजवीकडून डावीकडे, नकाशाप्रमाणे सरकत राहतो. याला ढिसाळपणा म्हणणारे पुष्कळ आहेत. स्टिअरिंगपेक्षा दिशा महत्त्वाची, असा हा निवाडा होता, असं मी मानतो.

म्हणून गरिबी आणि आळस यांतला फरक ओळखायला शिक. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसू शकतात. दिग्दर्शक रॉजर कॉर्मनने 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' (१९६०) मुख्यतः दोन दिवसांत, आयत्या सेटवर उरकला आणि त्यात एक बेभान ऊर्जा आहे. तोच कॉर्मन 'द टेरर' (१९६३) मध्ये नट बोरिस कार्लॉफचे हाताशी असलेले दोन-तीन दिवस आणि आधीच्या चित्रपटाचे सेट वापरायचे म्हणून पूर्ण पटकथेशिवाय उभा राहिला. तो चित्रपट मला आजही विस्कटलेलाच वाटतो. दिग्दर्शक एड वुडचा 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस' तुम्हा मित्रांचा लाडका असणारच. त्यातला नट बेला लुगोसी १९५६मध्ये वारला, त्याचं थोडंसं चित्रीकरण हाती होतं आणि उरलेल्या शॉट्समध्ये दुसराच उंच माणूस तोंडासमोर झगा धरून वावरतो. वुडचं सिनेमावरचं प्रेम खरं होतं, त्याबद्दल मला आदर आहे. पण उल्मरपाशीही पैसे नव्हतेच, तेव्हा सगळा दोष पैशावर टाकता येत नाही. या दोघांना शेजारी ठेवून बघितलंस की नजर पटकन तयार होईल.

प्रिंटबद्दल मात्र कडक राहा. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चं (१९६८) नाव ऐनवेळी बदललं, नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची ओळ राहून गेली आणि चित्रपट सगळ्यांना मोकळा झाला. त्यामुळे त्याच्या वर्षानुवर्षं कशाही छापलेल्या, धुवट प्रती फिरत राहिल्या. मूळ निगेटिव्हवरून दुरुस्त केलेली प्रत बघ, त्यातला काळा रंग बघूनच थक्क होशील. आणखी एक गोष्ट. दिवसा चित्रित करून रात्र भासवलेली दृश्यं प्रिंट काढताना गडद करायची असतात. ते राहिलं की भर दुपारी भुतं फिरताना दिसतात. तसंच काही चित्रपटांची चौकट पडद्यावर वरखाली झाकायची म्हणूनच आखलेली होती. ती उघडी ठेवली की वरून माइक डोकावतो. आपण हसतो दिग्दर्शकाला आणि चूक असते प्रत काढणाऱ्याची.

यात न पटणारंही खूप आहे. बायकांना किंचाळण्यापलीकडे काम नसतं, परक्या वंशाच्या माणसाला राक्षस करून टाकलेलं असतं. त्यावर पांघरूण घालू नकोस, 'तो काळच तसा होता' म्हणून पुढेही सरकू नकोस. पण याच गल्लीत मोठ्या स्टुडिओंना न झेपलेलं धाडसही सापडतं. रोमेरोच्या चित्रपटाचा नायक ड्वेन जोन्स हा कृष्णवर्णीय नट. तो सगळ्यांना हुकूम सोडतो, गोऱ्या माणसाला ठोसे लगावतो आणि त्याच्या रंगाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. १९६८मध्ये! पिट्सबर्गजवळ, स्टुडिओपासून लांब, सुमारे सव्वा लाख डॉलरांत काम चाललं होतं. परवानगी विचारायला कुणी नव्हतंच.

आता पुढच्या आठवड्यासाठी. मित्रांना बोलावू नकोस. एकट्याने, दिवे घालवून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून हर्क हार्वीचा 'कार्निव्हल ऑफ सोल्स' (१९६२) बघ. हार्वी कॅन्ससमध्ये कारखान्यांसाठी आणि शाळांसाठी माहितीपट करायचा. युटामध्ये खाऱ्या सरोवराकाठचा सॉल्टएअर हा ओसाड करमणूक-महाल त्याच्या दृष्टीस पडला आणि त्या वास्तूसाठी त्याने कथा रचून घेतली. खर्च सुमारे ३३ हजार डॉलर. पांढरा चेहरा केलेला तो भुताटकी माणूस म्हणजे खुद्द हार्वीच. पूर्ण लांबीचा दुसरा कथापट त्याने कधी केला नाही. त्यातल्या ऑर्गनच्या संगीताकडे लक्ष ठेव, आणि नायिकेला आसपासचे आवाज ऐकू येईनासे होतात ती दृश्यं सोडू नकोस. ध्वनीची पट्टी काढून घेणं याला काय खर्च येतो, विचार कर.

मधला थोडा भाग तुला संथ वाटेल, तिथे पुढे पळवू नकोस. बघून झाला की सविस्तर लिही, पण कथा सांगत बसू नकोस. एक शॉट निवड, कॅमेरा कुठे असेल, उजेड कुठून येत असेल, चौकटीबाहेर काय लपवलं असेल, ते तुझ्या अंदाजाने मांड. अंदाज चुकला तरी चालेल. तुझं पत्र आलं की इटालियन दिग्दर्शक मारिओ बावाकडे वळू. त्याने रंगीत दिवे आणि धूर यांच्या जोरावर एक अख्खा परग्रह उभा केला आहे.

तुझा,
एक जुना प्रेक्षक