शिक्षकांना खेळातून, हालचालीतून शिकवायचं ट्रेनिंग कसं द्यावं?

आधी पीपीटी बंद करा, खुर्च्या भिंतीला लावा. 2020च्या शैक्षणिक धोरणात वर्षाला 50 तासांचं ट्रेनिंग म्हटलंय खरं, पण ते बसूनच गेलं तर काय उपयोग. आम्ही एकदा फरशीवर खडूने 0 ते 20 आकडे काढले नि बाईंना सांगितलं 7वर उभ्या राहा, 3 उड्या मागे मारा, तर दोघीतिघी उभ्या होत्या तो चौकोनच पहिला मोजून 5वर थांबल्या! पोरं हीच चूक करतात हे तिथे कळलं, भाषणातून डोक्यात शिरलं नसतं. साहित्याला खर्च नको, ताराबाई मोडकांनी 1945ला बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा आजूबाजूच्याच वस्तू वापरल्या. आणि हो, शिट्टी वाजली की पुतळा, हा नियम आधी शिकवा, नाहीतर 40 पोरं आवरत नाहीत.