वाचक विचारतात : जुनी फायबरची होडी अंगणात दुरुस्त करताना

या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे: स्वस्तात मिळालेली किंवा वर्षानुवर्षं माडाखाली पडून राहिलेली फायबरची होडी घरच्या घरी नीट करायची आहे. पत्रं थोडक्यात दिली आहेत.

१८ फुटी, साधारण २० वर्षं जुनी होडी घेतली. जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर) फिका पडलाय, पण तळ धड दिसतो. पुट्टी आणि रंग आणून ठेवलाय. सुरुवात कुठून करू? (देवगड)

पुट्टी आणि रंग तूर्त घरात ठेवून द्या. फायबर कुजत नाही. त्याच्या आत कोंडलेलं प्लायवूड कुजतं आणि फोम पाणी पिऊन बसतो. म्हणून आधी शोधायचं ते आत मुरलेलं पाणी.

होडी नीट टेकवा. पठाणाखाली, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याखाली, तीन ठिकाणी लाकडी ठोकळे द्या आणि दोन्ही कुशींना वाळूची पोती लावा. यात हयगय नको. आतली तळफळी किंवा मागची फळी कापल्यावर होडी मऊ पडते. त्या वेळी ती वाकडी बसली असेल, तर नवीन काम तोच बाक कायमचा पक्का करतं.

मग प्लॅस्टिकच्या डोक्याची हातोडी घेऊन मागच्या फळीवर (इंजिन लावतो ती, ट्रान्सम) चार-चार बोटांवर ठोकत जा. शाबूत जागी टणक, कोरडा आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. शंका आली तिथे आतल्या बाजूने, अगदी खाली, ५ मिमीचं ड्रिल फक्त लाकडापर्यंत मारा. भुसा फिकट आणि कोरडा असेल तर तिथलं लाकूड चांगलं आहे. भोक इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग कालवल्यावर कडक होणाऱ्या रेझिनने, बुजवा. तो काळपट, चहाच्या चोथ्यासारखा आणि चिमटीत ओला लागला, तर फळी गेली. इंजिन धरून वरखाली हलवल्यावर फळी किंचित जरी लवत असेल, तरी निदान तेच.

तळफळीखाली फोम भरलेला असेल, तर सर्वांत खोल जागी होल-सॉने ५० मिमीचं भोक पाडून फोमचा तुकडा बाहेर काढा आणि मुठीत दाबा. पाणी सुटलं, तर तो फोम जागच्या जागी वाळणार नाही. खणून काढावाच लागतो. काम कंटाळवाणं आहे, पण शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, आणि तेवढी मासळी कमी आणावी लागते.

हे सगळं तपासून झाल्यावरच घासकाम. घासण्याआधी साबणाने धुवा, मग ॲसिटोनने पुसा: एका फडक्याने ओलं, लगेच दुसऱ्या कोरड्याने. जुनं मेण आणि तेल तसंच ठेवून घासलं, तर घासकागद ते फायबरच्या आत रगडतो आणि वरचा थर पुढे पोपड्यासारखा सुटतो.

मागची फळी कुजली आहे. कारागीर म्हणतो, वरून दोन थर मारून देतो. चालेल का? (मुरुड)

नाही. कुजलेल्या लाकडावर थर मारला, तर पाणी आतच कोंडतं आणि इंजिनाचा जोर पोकळ फळीवर येतो. फळी बदलायचीच.

बाहेरची कातडी, म्हणजे जेलकोटची बाजू, शाबूत ठेवा. आतली कातडी ग्राइंडरने कापा, पण कडेला ७० मिमीची पट्टी राहू द्या. नवे थर तिच्यावर चढवायचे आहेत. कुजलेलं प्लाय पटाशीने काढून बाहेरच्या कातडीची आतली बाजू ४० नंबरच्या कागदाने खरखरीत करा. ती पूर्ण सुकू द्या.

पुठ्ठ्याचा साचा काढून १८ मिमीचे दोन तुकडे कापा. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचंच, म्हणजे मरीन ग्रेड. दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणून दुसरं काही देईल. शिक्का पाहूनच पैसे द्या. दोन्ही तुकडे घट्ट केलेल्या इपॉक्सीने एकमेकांना चिकटवा. शिकंजा फार आवळू नका, नाहीतर सगळी इपॉक्सी बाहेर येऊन सांधा कोरडा राहतो. कडांना पातळ इपॉक्सीचे तीन हात द्या, कारण प्लाय पाणी पितं ते कडेतून.

बसवताना बाहेरच्या कातडीवर इपॉक्सीची पेस्ट दातेरी पट्टीने पसरा आणि फळी दाबा. चारी बाजूंनी पेस्ट बाहेर डोकावली, तरच आत पोकळी राहिली नाही असं समजा. फळी आणि कुशी यांच्या कोपऱ्यात २० ते २५ मिमी त्रिज्येची गोलाई भरा. काच, म्हणजे रेझिनमध्ये भिजवायचं काचेच्या धाग्यांचं कापड, काटकोनात वळत नाही, तिथे ती उचलली जाते आणि खाली हवा राहते. त्या गोलाईवरून कुशींवर १५० मिमीपर्यंत उतरणारे चार थर द्या. इपॉक्सी वापरत असाल, तर विणलेलं कापड घ्या. नेहमीच्या चॉप्ड मॅटमधला (तुटक काचधाग्यांच्या चादरीतला) चिकटपणा पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीन या द्रवाने विरघळतो, इपॉक्सीने नाही. म्हणून ती मॅट नीट भिजत नाही. आणि एकदा इपॉक्सी लावली, की त्यावर पॉलिस्टर लावू नका, पकड धरत नाही. उलटं, म्हणजे जुन्या पॉलिस्टरवर इपॉक्सी, उत्तम बसतं.

उंची आधीच ठरवा. शॉर्ट शाफ्ट इंजिनाला फळी १५ इंच, लाँग शाफ्टला २० इंच. मोजमाप मधोमध, वरच्या काठापासून तळापर्यंत. इंजिनाचा शिकंजा किती जाडीवर बसतो तेही पाहा. दोन प्लाय आणि कातड्या मिळून जाडी साधारण ४५ मिमी होते.

बोल्टची भोकं हे पुढच्या कुजण्याचं दार. १० मिमीच्या बोल्टसाठी १६ मिमीचं भोक पाडा, इपॉक्सी पेस्टने ठासून भरा, कडक झाल्यावर मधोमध १० मिमीचं भोक पाडा. आता बोल्ट लाकडाला शिवतच नाही. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे, सीलंट पॉलियुरेथेनचं. सिलिकॉन नको, ते जिथे लागलं, तिथे पुढे रंग धरत नाही.

तळाच्या भेगेवर मॅट मारली, तीन दिवस झाले तरी चिकट आहे. वरून जास्त हार्डनर फासू का? (रत्नागिरी)

फासू नका, उपयोग शून्य. नख रोवून पाहा. आत टणक आणि फक्त वरून चिकट असेल, तर काम बिघडलेलं नाही. पॉलिस्टरचा हवेला लागलेला पापुद्रा पुरता सुकत नाही. ॲसिटोनने पुसा, घासा आणि शेवटचा हात मेण मिसळलेल्या रेझिनचा द्या.

नख आत रुतत असेल, तर हार्डनर (रेझिन कडक करणारा द्रव) कमी पडला किंवा ॲक्सिलरेटर (ती क्रिया वेगात आणणारा कोबाल्टचा द्रव) राहिला. ते सगळं खरवडून काढण्याला पर्याय नाही. ५०० ग्रॅम रेझिनला १ टक्का हार्डनर म्हणजे ५ ग्रॅम, सिरिंजने साधारण साडेचार मिली. झाकणाने मोजू नका. मे महिन्यात पटकन घट्ट होतंय म्हणून हार्डनर फार कमी करण्यापेक्षा एका वेळी २५० ग्रॅमच कालवा.

आणि हे घरातल्या प्रत्येकाला सांगा: कोबाल्ट ॲक्सिलरेटर आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत. भडका उडतो, स्फोटही होतो. ॲक्सिलरेटर आधी रेझिनमध्ये पुरता ढवळायचा, मगच हार्डनर. बाटल्या वेगळ्या कपाटांत, सिरिंजही वेगळ्या. काम चुलीपासून लांब.

भेग पुन्हा कराल तेव्हा तिच्या कडा घासून उतरत्या करा आणि हा उतार जाडीच्या १२ पट घ्या. तळ ६ मिमी असेल, तर भेगेच्या प्रत्येक बाजूला ७२ मिमी. लोक दोन बोटं घासून थांबतात, म्हणून ठिगळ सुटतं. (चौरस मीटरला) ४५० ग्रॅमच्या मॅटचे चार थर आणि त्यांच्या मध्ये ६०० ग्रॅम रोव्हिंगचे (जाड विणलेल्या काचेच्या कापडाचे) तीन, मिळून सहा मिमी भरतात. सर्वांत मोठा तुकडा आधी लावा. जुन्या फायबरला तोच धरतो आणि वरून घासताना कापला जात नाही. मॅटला तिच्या वजनाच्या सव्वादोन ते अडीच पट रेझिन लागतं, रोव्हिंगला वजनाइतकंच. प्रत्येक थरावर लोखंडी रोलर फिरवून हवा काढा.

मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत होडी रिकामी असते. तेव्हाच काच मारली तर? (वसई)

१ जून ते ३१ जुलै म्हणजे ऐन पाऊस. काच हवेतला ओलावा धरते, मग थर दुधाळ पांढरा दिसतो आणि कमजोर राहतो. काच मारण्याचं काम दिवाळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंत करा, सकाळी दव उडाल्यावर. पावसाळ्यात शाकारलेल्या होडीत फोम काढणं, घासणं, साचे कापणं, इंजिन उघडणं ही कामं होतात. घासताना साधा रुमाल पुरत नाही. धुळीसाठी पी२ मास्क, रेझिनसाठी सेंद्रिय वाफांच्या फिल्टरचा. पावसातच काच मारण्याचा नाइलाज असेल, तर बंद शेड, ताडपत्री, मोठे दिवे आणि दहा-बारा तास चालणारा पंखा. आर्द्रतामापक ८० टक्क्यांवर गेला, की रेझिनचा डबा उघडायचा नाही.

तळावर वाटाण्याएवढे फोड आलेत. फोडले तर आंबूस पाणी येतं. (वेंगुर्ले)

जेलकोटमधून पाणी आत झिरपून रेझिनमधल्या न जुळलेल्या द्रव्यांशी मिसळलं आहे, म्हणून व्हिनेगरसारखा वास. पाणी दाबाखाली असतं, फोडताना चष्मा लावा. मोजके फोड असतील, तर प्रत्येक जागा टणक फायबर लागेपर्यंत घासा, आठवडाभर रोज गोड्या पाण्याने धुवा आणि मग वाळू द्या. खारं पाणी राहिलं तर ते पुन्हा ओलावा ओढतं.

वाळलं का ते पाहायला एक फूट चौरस पारदर्शक प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक पूर्ण दिवस उन्हात राहू द्या. आतून दव धरलं, तर आणखी दोन आठवडे थांबून पुन्हा लावा. प्लॅस्टिक कोरडं निघालं, की खड्डे इपॉक्सी पुट्टीने भरा. पॉलिस्टरची बॉडीफिलर पाण्याखाली वापरू नका, तिच्यातली टाल्क पाणी शोषते. भरल्यावर इपॉक्सी प्रायमरचे तीन हात. इपॉक्सीवर तेलकट, मेणचट पापुद्रा आला असेल, तर घासण्याआधी तो साध्या पाण्याने आणि स्क्रबरने धुवून काढा. घासून तो जात नाही, पसरतो.