'दुरुस्ती' म्हणावं की 'फेरफार'?

लातूरच्या एका वाचकानं विचारलंय: "मी माझा संगणकाचा कोड एका प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर तपासायला टाकला होता. दोघांनी उत्तरं दिली. त्यांनी दाखवलेल्या चुका मी मूळ प्रश्नातच सुधारल्या आणि खाली 'किरकोळ दुरुस्ती' असं लिहिलं. त्यावर एकजण म्हणाला, हा तर फेरफार झाला. फेरफार म्हणजे लबाडीच ना?"

लबाडी तुम्ही केली नाहीत, पण शब्द मात्र चुकला.

'दुरुस्त' हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ ठीक, बरोबर. वेलांटी चुकली, शब्द गळला, ते नीट केलं की दुरुस्ती. 'हिशेबात फेरफार' अशा बातम्या वाचून वाचून फेरफाराला वाईट वास लागलाय. आपल्याकडं मात्र तो रोजचा, स्वच्छ शब्द आहे. वाटणी झाली, जमीन विकली, की गावात पहिला प्रश्न हाच: "फेर ओढला का?"

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्येही दोन्ही वेगळे आहेत. सातबाऱ्यावर लिहिताना 'शिंदे'चं 'शिदे' झालं तर कलम १५५, लेखनप्रमादाची दुरुस्ती. मालकच बदलला तर कलम १५०, म्हणजे फेरफार. त्याची गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफारांच्या नोंदवहीत, नोंद होते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते. मला यातली सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची रीत: जुन्या नावाला कंस करतात आणि फेरफार क्रमांक टाकतात. जुनं नाव कंसात का होईना, वाचता येतं.

तुमच्या प्रश्नात हा कंसच राहून गेला. समजा, एकानं लिहिलं, "सातव्या ओळीत भागाकाराआधी शून्य तपासलेलं नाही." तुम्ही ती ओळ सुधारलीत. आता नवा वाचक कोड बघतो, तिथं शून्य तपासलेलं दिसतं, आणि त्याला वाटतं उत्तर देणाराच चुकला. ज्यानं फुकट वेळ दिला त्याचंच उत्तर खोटं पडतं. म्हणून कोड तपासणाऱ्या मंडळींत रीत आहे, की उत्तर आल्यावर प्रश्नातल्या कोडला हात लावायचा नाही. सुधारलेला कोड नव्या प्रश्नात द्यायचा आणि जुन्याचा दुवा जोडायचा.

याला मी 'पुरवणी' म्हणेन. परीक्षेत उत्तरपत्रिका भरली की आपण पुरवणीच मागतो, लिहिलेली पानं खोडत बसत नाही.

तेव्हा जुना कोड होता तसा परत ठेवा. खाली लिहा, "सुधारलेला कोड पुरवणी प्रश्नात आहे," आणि त्या दोघांनाही तसं कळवा.