बारशाला नाही, उष्टावणाला या

या महिन्याचे प्रश्न जर्मनीतल्या मराठी घरांतून आले आहेत, त्यातला एक तिकडे निघालेल्या आजींचा. जवळपास सगळे पहिल्या बाळाबद्दलचे आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलं आहे, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतात.

प्रश्न : आम्ही श्टुटगार्टला राहतो. दोघंही भारतीय नागरिक, नवरा ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा मुदतीचा परवाना). बाळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अपेक्षित आहे. साताऱ्याला सासरी फेब्रुवारीअखेर बारसं करायचं ठरतंय. तिकिटं आत्ता स्वस्त आहेत. काढून ठेवू का?

नका काढू. बाळाचा जन्मदाखला, मग भारतीय पासपोर्ट आणि मग जर्मनीत राहण्याच्या परवान्याचं कार्ड, या क्रमानेच कागद होतात. आधीचा हातात आल्याशिवाय पुढचा सुरू होत नाही. सगळं सुरळीत गेलं तरी तीन ते चार महिने धरा.

जन्माची नोंद श्टांडेसआम्ट, म्हणजे तिथलं जन्म-विवाह नोंदणी कार्यालय, करतं. मुदत एक आठवड्याची असते आणि बहुतेक दवाखाने कळवण्याचं काम स्वतःच करतात. अडतं ते आईवडिलांच्या कागदांवर. दोघांचे पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र आणि दोघांचे जन्मदाखले लागतात आणि त्यांची भाषांतरं जर्मनीतल्या न्यायालयाने नेमलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्यावी लागतात. आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांमध्ये हमखास दोन दोष निघतात. नावाचा रकाना कोरा असतो, कारण नोंद झाली तेव्हा बारसंच झालेलं नव्हतं. नाहीतर आईच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळत नाही. ही दुरुस्ती ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेतच होते, आणि ती बाळंतपणानंतर साताऱ्यातल्या दिरांना फोन करून करण्यापेक्षा पाचव्या-सहाव्या महिन्यात उरकलेली बरी.

अपोस्टीलवर, म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशात मान्य व्हावा म्हणून आंतरराष्ट्रीय कराराखाली मारतात त्या शिक्क्यावर, विसंबू नका. भारत २००५ पासून त्या करारात आहे, पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतली असल्यामुळे या दोन देशांमध्ये तो शिक्का कायद्याने चालत नाही. कागदाबद्दल शंका आली तर श्टांडेसआम्ट जर्मन वकिलातीमार्फत भारतात पडताळणी करून घेतं. त्यात महिने जातात. अशा वेळी जन्मदाखल्याऐवजी नोंदवहीचा प्रमाणित उतारा मिळतो आणि त्यावर पालकांची ओळख सिद्ध झालेली नाही असा शेरा असू शकतो. तुमचं कार्यालय नेमकं काय मागतं ते बाळंतपणाआधी प्रत्यक्ष जाऊन विचारा, एका गावची रीत दुसऱ्या गावाला लागू पडत नाही. बाळाचं आडनाव कोणतं आणि मध्ये वडिलांचं नाव लावायचं का, हेही तेव्हाच विचारून ठेवा. पत्नीने माहेरचं आडनाव ठेवलं असेल तर दोघांच्या सहीचं निवेदन लागतं.

दाखल्याची बहुभाषिक प्रत मागून घ्या, म्हणजे भारतीय वाणिज्य दूतावासासाठी वेगळं भाषांतर लागत नाही. बाडेन-व्युर्टेमबेर्ग म्युनिकच्या दूतावासाखाली येतं. तिथे जन्मनोंदणी आणि पासपोर्ट ही दोन्ही कामं होतात. जन्मनोंदणी एका वर्षाच्या आत व्हायलाच हवी. ती मुदत चुकली तर केंद्र सरकारची परवानगी काढावी लागते.

पासपोर्ट आल्यावर औसलेंडरबेहोर्डेकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, बाळाच्या परवान्याचा अर्ज करायचा. त्याला जन्मापासून सहा महिन्यांची मुदत असते. कार्ड छापून यायला आणखी काही आठवडे लागतात.

फसगत होते ती इथेच. बाळाकडे पासपोर्ट आहे पण कार्ड नाही, अशा स्थितीत भारतात जायला कोणी अडवत नाही. अडवतात परत येताना, मुंबईच्या चेक-इन काउंटरवर. मग आई आणि बाळ इकडे, बाबा तिकडे, आणि बाळासाठी जर्मन व्हिसाचा अर्ज. 'तात्पुरता कागद मिळालाय, तो चालेल' असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्या कागदाला फिक्टिओन्सबेशायनिगुंग म्हणतात आणि त्यावर कोणत्या चौकटीत खूण आहे ते पाहावं लागतं. जर्मन निवास कायद्याचं कलम ८१, उपकलम ४ असेल तर परत येता येतं. उपकलम ३ असेल तर फक्त जर्मनीत राहता येतं, आणि बाळाचा अर्ज पहिलाच असल्यामुळे त्याला बहुधा हेच मिळतं.

तेव्हा बारसं बाराव्या दिवशी श्टुटगार्टच्या घरातच करा, आत्याबाईंना व्हिडिओ कॉलवर कुर्रर्र करू द्या. साताऱ्याला उष्टावणाला जा. जानेवारीचं बाळ जुलैत सहा महिन्यांचं होतं. तेव्हा तिकडे मुसळधार पाऊस असेल, पण मे महिन्याच्या उन्हापेक्षा तो बाळाला परवडतो.

आणखी एक. किंडरगेल्ड, म्हणजे मुलासाठीचा सरकारी भत्ता (२०२५ मध्ये दरमहा २५५ युरो), मागे सहा महिन्यांपर्यंतचा मिळतो, पण एल्टर्नगेल्ड, म्हणजे बाळासाठी रजा घेणाऱ्या पालकांचा भत्ता, फक्त तीन महिन्यांपर्यंतचा. म्हणून आधी एल्टर्नगेल्डचा अर्ज. खाजगी आरोग्य विमा असेल तर बाळाचं नाव दोन महिन्यांच्या आत घाला. त्या मुदतीत विमा कंपनीला बाळाला आरोग्यतपासणी न करता घ्यावंच लागतं, नंतर नाही.

प्रश्न : म्युनिकमध्ये सहा वर्षं झाली. मूल इथे जन्मलं की आपोआप जर्मन नागरिक होतं ना?

सहा वर्षं पुरेशी आहेत, पण एकटी नव्हेत. २७ जून २०२४ पासूनच्या कायद्याप्रमाणे आई किंवा वडील यांच्यापैकी एकाचा जर्मनीतला कायदेशीर मुक्काम पाच वर्षांचा हवा आणि त्याच व्यक्तीकडे मुदतीचं बंधन नसलेला राहण्याचा हक्क हवा. दोन्ही गोष्टी बाळाच्या जन्माच्या दिवशी. ब्लू कार्ड मुदतीचं असतं, त्यामुळे ते चालत नाही. कायम परवाना ब्लू कार्डवाल्यांना २७ महिन्यांनी मागता येतो, जर्मन भाषा बी-१ (मध्यम) पातळीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांनीच. अजून मागितला नसेल तर आजच अर्ज करा, जन्माच्या दुसऱ्या दिवशी मिळालेल्या कायम परवान्याचा या बाबतीत उपयोग नाही.

मूल जर्मन ठरलं तर परवान्याच्या कार्डाची कटकट संपते. पूर्वीचा स्वस्तातला मुलांचा पासपोर्ट १ जानेवारी २०२४ पासून बंद झाला आहे, आता तान्ह्या बाळालाही नेहमीचाच पासपोर्ट काढावा लागतो. मात्र भारतात जायला त्याला व्हिसा किंवा ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) लागेल. पहिल्या फेरीला ई-व्हिसा काढा आणि ओसीआय सावकाश करा. भारतीय पासपोर्टसाठी मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं, त्यामुळे 'दोन्ही काढून ठेवू' हा विचार सोडा.

प्रश्न : मी कोल्हापूरहून लेकीच्या बाळंतपणाला फ्रँकफर्टला जाणार आहे. व्हिसा किती दिवसांचा मिळतो? डिंकाचे लाडू, घरचं तूप, कढीपत्ता नेता येईल का?

काकू, शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक) व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि उतरण्याचा आणि निघण्याचा दिवसही त्यात मोजतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. खर्चाची हमी जावई तिथल्या औसलेंडरबेहोर्डेत जाऊन देतात. तिला फेरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग म्हणतात आणि २९ युरो पडतात. मूळ कागदच कुरियरने मागवा.

तारखेच्या दहा-बारा दिवस आधी पोचाल असं पाहा. महिनाभर आधी गेलात तर खरी गरज असते तेव्हाचे दिवस कमी पडतात. विहीणबाई तुमच्या पाठोपाठ येणार असतील तर मध्ये एक आठवडा दोघी एकत्र राहाल असं ठरवा. बाळाला झोपवण्याची, दूध पाजल्यावर ढेकर काढण्याची त्या घरातली पद्धत हातोहात सांगता येते.

तूप नको. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांना दुधाचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही. तूप, पेढे, खवा, चक्का सगळं त्यात आलं, सापडलं तर फेकतात आणि दंडही होऊ शकतो. ताजा कढीपत्ता रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय नेता येत नाही. डिंक, खारीक पूड, अळीव, मेथी, सुंठ, खसखस असं कोरडं सामान बंद पाकिटात, नावाचं लेबल लावून न्या. विमान आखाती देशातून बदलणार असाल तर मात्र त्यातल्या खसखशीवर फुली मारा, ती तिथे गुन्हा ठरते. लाडू तिकडे वळा. बिनमिठाचं जर्मन लोणी कढवलं की उत्तम तूप होतं. अळीव तिथल्या रोपवाटिकेतून घेऊ नका, पेरणीच्या बियाण्याला औषध लावलेलं असू शकतं.

प्रश्न : आमची हेबामे (घरी येणारी सुईण) म्हणते आठवड्यातून एकदा-दोनदा अंघोळ पुरे, टोपडं काढा, उशी काढा. आई म्हणते रोज तेल, शेक, धुरी. दोघींमध्ये मी. काय ऐकू?

झोपेच्या बाबतीत हेबामेचं शंभर टक्के ऐका. बाळ पाठीवर, स्वतःच्या पलंगात, तुमच्याच खोलीत, अंगात झोपायची पिशवी, खोली १६ ते १८ अंश. गोधडी, मोहरीची उशी, लोड, काही नको आणि घरात झोपताना टोपडंही नको. बाळ जादा उष्णता डोक्यावाटे बाहेर टाकतं. अंग फार तापणं आणि तोंडावर पांघरूण येणं ही दोन्ही अचानक मृत्यूच्या धोक्याची कारणं आहेत. बाळाला ऊब पुरते का, हे हातपाय चाचपून कळत नाही, ते गारच असतात. मानेमागे दोन बोटं घालून पाहा, उबदार आणि कोरडी असेल तर ठीक. टोपडं बाहेर जाताना घाला, थंडीत तिथे लागतंच.

तेल लावायला हरकत नाही. खोबरेल चालेल, मोहरीचं नको. हलक्या हाताने लावा, नाक ओढणं, डोकं दाबून गोल करणं नको. रोज अंघोळ घालायचीच असेल तर साबणाशिवाय, ३७ अंशांच्या पाण्यात, पाच मिनिटं. आजी पायावर घेऊन घालणार असतील तर शॉवरच्या तबकातच बसवा. जर्मन न्हाणीघरात जमिनीला मोरी नसते, पाणी सरळ खालच्या घराच्या छतात उतरतं.

धुरी नको. फुप्फुसांना ती वाईटच, आणि झोपायच्या खोलीत कायद्याने बसवलेला धुराचा भोंगा वाजला की सगळी इमारत जिन्यात जमते. बाळगुटी, मध, काजळ यांना सरळ नाही म्हणा. मधातून बॉट्युलिझम (जिवावर बेतणारी विषबाधा) होऊ शकतो, वर्ष होईपर्यंत थेंबही नको. काजळात शिसं असू शकतं. ड जीवनसत्त्वाची रोजची गोळी (४०० ते ५०० एकक) मात्र चुकवू नका. चमचाभर दुधात विरघळवून द्या, बाटलीभर दुधात घातली तर तळाशी राहते. आईला 'डॉक्टरांनी सांगितलंय' असं सांगण्यापेक्षा हेबामे येईल तेव्हा तिला समोर बसवा आणि मध्ये भाषांतर करा. निम्मे वाद तिथे मिटतात.

प्रश्न : सहा महिन्यांचं बाळ घेऊन फ्रँकफर्ट-मुंबई. पाळणा मिळतो का? दूध किती न्यायचं? लसींचं काय?

पाळणा मोजक्याच जागांना असतो, म्हणून तिकीट काढल्या दिवशीच फोन करून मागा आणि वजन-लांबीची मर्यादा विचारा. साधारण १० किलोच्या आसपास असते. हवा हलली की बाळाला बाहेर काढून मांडीवर, तुमच्या पट्ट्याला जोडलेल्या छोट्या पट्ट्यात घ्यावं लागतं. म्हणजे पाळणा मिळाला तरी झोपमोड ठरलेलीच.

दोन वर्षांखालच्या मुलाचं तिकीट बहुधा मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के असतं. बाळाच्या दुधाला आणि उकळलेल्या पाण्याला १०० मिलीची मर्यादा लागत नाही, फक्त तपासणीला वेगळं काढून दाखवा. दारापासून दारापर्यंतच्या तासांचा हिशेब करा आणि दीडपट न्या. पावडर एकेका पेल्याच्या मापाने कोरड्या डब्यांत भरा, गरम पाणी थर्मासमध्ये. कालवलेलं दूध दोन तासांत संपवा, उरलेलं ओता. कान दुखतात ते उतरताना, म्हणून विमान खाली येऊ लागलं की पाजा, जमिनीला टेकायची वाट पाहू नका.

बाळाची गाडीतली खुर्ची बरोबर घ्या, बहुतेक कंपन्या फुकट नेतात. पण मुंबईत घ्यायला येणाऱ्या गाडीच्या मागच्या सीटला चालू पट्टा आहे का, ते आधी फोटो मागवून पाहा. सीटच्या कव्हराखाली तो बऱ्याचदा दडपलेला असतो.

गोवराची लस जर्मन वेळापत्रकात अकराव्या महिन्यात आहे, प्रवासासाठी नवव्या महिन्यातही देतात. त्याआधी जाणार असाल तर बालरोगतज्ज्ञांना विचारा, सहा महिन्यांनंतर खास कारणाने देता येते. ती लागू पडायला दहा दिवस ते दोन आठवडे लागतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही. बीसीजी (क्षयाची लस) जर्मनीत १९९८ पासून देत नाहीत आणि दवाखान्यात सहसा नसतेही. भारतात महिनोन्‌महिने राहणार असाल तर तिथल्या डॉक्टरांशी बोला. जर्मन सरकारी आरोग्य विमा भारतात चालत नाही, प्रवासाचा वेगळा घ्या आणि पॉलिसीतले सलग दिवस मोजा. बहुतेकींमध्ये सहा ते आठ आठवड्यांनंतर संरक्षण संपतं, आणि माहेरचा मुक्काम त्याहून लांबतो.